सर्जेरावांचा दम

या, या! मागची मंडळी, जरा पुढं सरका. खांबाला टेकून बसणाऱ्यांना माझी हरकत नाही— पण झोप लागली तर घोरू नका, आमच्या पेटीवाल्या गोपाळरावांचा सूर चुकतो!

हात जोडा. ज्यानं पहिला श्वास दिला आणि शेवटचा कधी हे सांगितलं नाही, त्याला नमस्कार करा. झाला? आता माझा प्रश्न ऐका.

दम म्हणजे काय हो?

सांगा की! तालमीतला पैलवान म्हणतो, दम छातीत असतो. सासूबाई म्हणतात, दम सुनेला द्यायचा असतो! पोरगं भूक भूक करत स्वयंपाकघरात आलं की आई म्हणते— दम धर रे, कुकरची शिट्टी होऊ दे. आणि आमची शास्त्रं म्हणतात, शम आणि दम! इंद्रियांना आवरणं, त्याला दम म्हणायचं. एक शब्द, चार घरं! मग खरा दम कुठल्या घरी राहतो? आणि माझा दुसरा प्रश्न आणखी अवघड आहे. एखाद्याचा दम गेला— पार गेला— तर तो परत येतो का?

गप्प बसलात! गप्पच बसा. आज पुराणात जायचं नाही, आज सांगलीहून मिरजेला जायचंय. तेही पायी! घाबरू नका, तुम्ही बसूनच यायचंय.

मंडळी, ऐका! मिरजेत सर्जेराव आवळे नावाचा माणूस. वय सत्तावन्न. अंगानं किडकिडीत, पण छाती अशी रुंद— कपाटाच्या दारासारखी! सूर्यकिरण ब्रास बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा. किती वर्षं? सदतीस! नवरदेव घोड्यावरून उतरताना सर्जेराव जो सूर लावायचा ना, तो नवरदेवाचे दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत तोडायचा नाही. एकदा तर नवरदेवाचा पाय रिकिबीत अडकला. मामा ओढतोय, काका ओढतोय, घोडं फिरतंय गोल गोल— आणि सर्जेरावचा सूर चालूच! शेवटी नवरीच्या बापानं हात जोडले, "अहो बास! ते उतरतील सावकाश, तुम्ही श्वास घ्या!"

असा दम! आणि एका पावसाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला.

एकवीस दिवस दवाखान्यात. जिवावरचं होतं, पण वाचला. घरी आला, अंगातला शर्ट ढिला झाला. तीन महिन्यांनी जयसिंगपूरला लग्नाची सुपारी होती. फेटा बांधला, ट्रंपेट उचललं, ओठाला लावलं, डोळे मिटले, फुंकलं— आणि सूर निम्म्यात मोडला! मोडला म्हणजे कसा? सायकलच्या चाकातली हवा जाते ना— फुस्स! घोड्याशेजारी उभा असलेला कुणी पाहुणा म्हणाला, "काय बाबा, पंक्चर काय?" सगळी वरात हसली. मंडळी, माणसं वाईट नव्हती हो. लग्नात माणसं हसायलाच आलेली असतात. पण ज्याच्यावर हसतात त्यानं कुठं जायचं?

दुसऱ्या दिवशी बँडचे मालक दस्तगीर मास्तर आले. मोठा मायाळू माणूस, पण बोलणं मोजकं. त्यांनी सर्जेरावच्या हातात पितळी झांजांची जोडी ठेवली. म्हणाले, "तब्येत सुधरेपर्यंत." सर्जेरावनं झांजा घेतल्या. त्यालाही कळलं, मास्तरांनाही कळलं.

घरी बायको फुलाबाई. तिनं समजूत घातली, "झांज काय वाईट हाय का? देवाच्या आरतीला झांजच वाजवत्यात की!"

सर्जेराव म्हणाला, "वाईट न्हाई ग. पण झांजंला श्वास लागत न्हाई. ज्याला श्वास लागत न्हाई ते मला दिलं."

हे वाक्य तिच्या काळजात घुसलं. तिनं त्याला धरून नेलं डॉक्टर मगदूमबाईंकडं. छातीच्या डॉक्टर. वयानं तरुण, पण तपासणं असं, की माणसाला वाटावं आपल्याला पहिल्यांदाच कुणी नीट बघितलं. बाईंनी एक प्लास्टिकचं यंत्र दिलं. तीन नळ्या, तीन गोळ्या. नळीतून श्वास आत ओढायचा, गोळ्या वर जायला पाहिजेत. सर्जेरावनं ओढला. एक गोळी कशीबशी वर गेली. उरलेल्या दोघी जागच्या हलल्या नाहीत!

"येईल का ओ दम परत?"

डॉक्टर खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "सगळा येईल असं वचन देत नाही. पण चाला. रोज चाला. आधी अर्धा तास, मग तास. महिन्याभरानं चालता चालता थोडं पळा. छातीत दुखलं तर तिथंच थांबायचं, आणि मला सांगायचं."

चालला, मंडळी! पहाटे उठून तळ्याभोवती एक फेरी, दोन फेऱ्या, चार फेऱ्या. फुलाबाई कट्ट्यावर बसून फेऱ्या मोजायची. सहा महिने! तुम्ही आम्ही एक तारखेला चालायला सुरुवात करतो आणि चार तारखेला आपले बूट धुवायला पडतात. खरं की नाही?

सहा महिन्यांनी तपासणीला गेला तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात कृष्णाकाठ दौड आहे. सांगली ते मिरज, दहा किलोमीटर. मी पळणार आहे. तुम्हीही या."

"मॅडम, त्या दौडीत आम्ही दरसाल असतोय की."

"पळता?"

"वाजवतो!"

दरवर्षी आठव्या किलोमीटरला, वानलेसवाडीच्या कोपऱ्यावर, सूर्यकिरण बँड उभा असायचा. दमून आलेल्या माणसांना हुशारी यावी म्हणून! हजारो माणसं पळत जायची आणि सर्जेराव त्यांच्यासाठी फुंकायचा. त्या माणसांतलं एक माणूस आपण व्हावं— हे इतक्या वर्षांत त्याच्या मनाला शिवलं नव्हतं. त्या दिवशी शिवलं. फॉर्म भरला.

आता मास्तरांना सांगायचं कोण? गेला. दस्तगीर मास्तर ट्यूबाच्या मोठ्या पितळी कर्ण्याला ब्रासो पॉलिश लावत बसले होते.

"मास्तर, दौडीच्या दिवशी सुट्टी पाहिजे."

"का?"

"पळायचंय."

मास्तरांचा हात थांबला. "झांज कोण वाजवणार?"

"बघा की कुणीतरी."

मास्तरांनी फडकं बाजूला ठेवलं. म्हणाले, "सर्जा, लोक आपल्याला ऐकायला असतात, बघायला नसतात. तिथं तुला समदे बघतील. पडलास, थांबलास, तरी बघतील. चालंल?"

"चालंल."

"जा मग. आमच्या म्होरनं जाताना मान खाली घालू नको, एवढंच."

उजाडला तो रविवार! काय वर्णन करू, मंडळी! सहा हजार माणसं! सगळ्यांच्या छातीवर नंबर. कुणी फेटा बांधलेला, कुणी नऊवारी नेसून पायात बूट! एक आजोबा नातीला खांद्यावर घेऊन आलेले. स्टेजवर एक पोरगी नाचून दाखवतेय आणि खाली सहा हजार माणसं तिच्यासारखे हात हलवतायत— सगळ्यांचे डावीकडं, एका बँकवाल्या साहेबांचे उजवीकडं! एकमेकांना कोण ओळखत नाही, तरी जो तो म्हणतोय, ऑल द बेस्ट! सर्जेरावच्या छातीवर नंबर चार हजार एकशे बारा. फुलाबाईनं चारी टाचण्या स्वतःच्या हातानं लावलेल्या. आणि ती मिरजेत शेवटच्या कमानीशी जाऊन उभी राहिलेली— पळणारे सुटायच्या आधीच!

सहा वाजले. शिट्टी झाली. सुटले!

आणि सुटल्या सुटल्या घात झाला. कुणी केला? ढोल-ताशानं! कमानीच्या दोन्ही बाजूंनी ताशा तडतडायला लागला. मंडळी, सर्जेराव वाजवणारा माणूस! कानात ताल पडला की पाय त्याच्या ताब्यात राहत नाहीत. ताशा द्रुत, पाय द्रुत! पोरांना मागं टाकून निघाला बुवा! पुष्पराज चौकात शाळेच्या मुलींचं लेझीम. त्याचा ताल वेगळा, पाय बदलले! पुढं कुणी गच्चीवर स्पीकर लावलेला. पुन्हा बदलले! दीड किलोमीटर झाला नाही तोवर छाती भात्यासारखी. डोळ्यांपुढं काजवे. मार्केट यार्डापाशी दुभाजकाला धरून उभा राहिला. खोकला. मागं टाकलेली सगळी माणसं त्याच्या पुढं निघून गेली.

आणि तिथं त्याला एक गोष्ट कळली. ती त्यानं मला नंतर स्वतः सांगितली, मी त्याच्याच शब्दांत सांगतो— "महाराज, मला वाटलं, मी जो जो वाजवील त्याच्या तालावर पळतोय. असा पळलो तर मरीन. माझी चाल कुठाय?"

वा! आपल्या भाषेत बघा— गाण्याचीही चाल आणि पायाचीही चाल! त्यानं डोळे मिटले आणि आठवलं. नवरी मांडवाकडं येते तेव्हा बँड एक संथ चाल धरतो. घाई नाही. तिचं पाऊल पडलं की सूर पुढं. ती थांबली की सूर थांबतो. ती चाल त्यानं मनात धरली. चार पावलं श्वास आत, चार पावलं बाहेर. निघाला! शेजारनं माणसं सूं सूं जातायत, जाऊ देत. ढोल वाजतोय, वाजू दे. हा आपला नवरीच्या पावलानं चाललाय!

पाणी देणारी पोरं म्हणाली, "काका, भारी!" एक म्हातारी दारात केळ्यांची फणी घेऊन उभी होती, तिनं अख्खं केळं सोलून हातात दिलं. सर्जेराव लाजला हो! आयुष्यभर रस्त्यावर उभं राहून दुसऱ्यांना हुशारी दिली, आणि आज रस्ता त्याला देतोय. घ्यायची सवय नव्हती.

आता विश्रामबाग. सहा किलोमीटर झाले. घड्याळात साडेसात. गर्दी पुढं गेलेली. रस्त्यावर केळ्यांच्या साली, कागदी पेले आणि तुरळक माणसं. चहाच्या गाड्यावर चौघे जण उभे. त्यातला एक जाडजूड गृहस्थ, हातात वडा, सर्जेरावला बघून मोठ्यानं म्हणाला, "काका, मिरजेला आज पोचताय का उद्या?"

सगळे हसले.

कोण होता तो गृहस्थ? मंडळी, लपवून काय करू? तो मी होतो! हो! तुम्ही आता ज्याच्या पाया पडलात, तोच! आदल्या दिवशी सांगलीत कीर्तनात दीड तास सांगून आलो होतो— कुणाला हसू नये!

सर्जेराव थांबला नाही. चालता चालता हात जोडले आणि म्हणाला, "आजच पोचतो, महाराज. तुम्ही चहा घ्या, निवंल."

रागानं नाही हो! खरोखर काळजीनं! वडा ठेवला, पेला ठेवला आणि त्याच्या मागं निघालो. म्हटलं, माफी तरी मागावी. पण गाठेन कसा? त्या दम गेलेल्या माणसाला मी गाठू शकलो नाही! दोनशे पावलांत माझं धोतर सुटायची वेळ. शेवटी एका ओळखीच्या पोराच्या स्कूटरवर मागं बसलो आणि सावकाश त्याच्या पाठीमागनं चाललो. म्हणून पुढचं जे सांगतोय ते ऐकीव नाही. डोळ्यांनी बघितलंय.

सातव्या किलोमीटरला मागची गाडी आली. म्हणजे मिनीबस. जे मागं राहतात त्यांना गोळा करते. दारातला माणूस गोड बोलणारा. "काका, बसा. आत एसी आहे. दहा-बारा जण बसलेत. लाजायचं काय त्यात?"

सर्जेराव वाकला, हात गुडघ्यांवर. खोकला आला. असा आला की आम्ही स्कूटरवरनं उतरलो. ढास थांबेना. डोळ्यांत पाणी. खोकला बसल्यावर त्यानं पुढं कान दिला— आठव्या किलोमीटरचा बँड ऐकू येतो का? नाही. सगळं शांत. साडेसातपर्यंतची सुपारी होती, पावणेआठ झालेले. गेले असतील. त्यानं एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवला.

हो मंडळी! ठेवला! आख्यानातला नायक आहे म्हणून मी खोटं सांगणार नाही.

पायरीवर पाय ठेवून त्यानं एक श्वास घेतला. वर चढायला म्हणून. तो श्वास आत गेला... गेला... आणखी आत गेला... आणि पार तळाला जाऊन लागला. खोकला आला नाही. टोचलं नाही. सर्जेराव तसाच थबकला. त्यानं पुन्हा घेतला. पुन्हा तळापर्यंत! न्यूमोनिया झाल्यापासून असा श्वास त्यानं घेतला नव्हता. सात किलोमीटर आल्यावर येतोय! मिनीबसच्या पायरीवर!

त्यानं पाय खाली घेतला. त्या माणसाला म्हणाला, "तुम्ही व्हा म्होरं. माझं काम झालंया, आता फकस्त पोचायचं ऱ्हायलंय."

काय बोलला बघा! काम झालंय, आता फक्त पोचायचंय!

चालला. आठवा किलोमीटर. वळणावर येतो तर काय— बँड तिथंच! वाद्यं टेम्पोत चढलेली, दोन पोरं ढोलावर बसून केळी खातायत, आणि दस्तगीर मास्तर रस्त्याच्या मधोमध उभे, डोळ्यांवर हात धरून. दौडीचा एक कार्यकर्ता त्यांना म्हणत होता, "मास्तर, झालं की, जावा घरी." आणि मास्तर एकच म्हणत होते, "आमचा एक माणूस मागं हाय."

सर्जेराव दिसला. मास्तर ओरडले, "उठा! काढा खाली!"

पोरांनी वाद्यं टेम्पोतनं काढली. मास्तरांनी काठी वर उचलली— आणि थांबले. त्यांनी आधी सर्जेरावच्या पायांकडं बघितलं. पावलं कशी पडतात ते बघितलं. एक, दोन, तीन, चार. मग काठी खाली आणली. आणि बँडनं तीच संथ चाल धरली! कुणी सांगितलं होतं का? नाही! वाजवणाऱ्याला पावलात ऐकू येतं!

सर्जेरावची मान वर होती. डोळे मात्र वाहत होते. आणि बँड त्याच्याबरोबर चालायला लागला! सदतीस वर्षं ज्यानं लोकांच्या वराती नेल्या, त्याला आज त्याची माणसं मिरवीत नेतायत! दुकानाची फळी उघडणारे थांबले, रिक्षावाल्यांनी रिक्षा बाजूला घेतल्या. मी स्कूटरवर मागं बसून रडत होतो. पोरगं विचारत होतं, "बुवा, काय झालं?" म्हटलं, रस्त्याकडं बघ!

अर्धा किलोमीटर आले. मग मास्तर म्हणाले, "सर्जा, दहाला कुपवाडात लग्न हाय. टेम्पोला उशीर होतोय. पुढं तुझा तू."

"व्हय मास्तर. जावा."

संपली वरात! संसार आहे मंडळी, कुपवाडचा नवरदेव थांबणार नाही. उरलेला दीड किलोमीटर एकटा. ऊन वर आलेलं. वाहनं सुरू झालेली. कडेकडेनं, चार पावलं आत, चार पावलं बाहेर.

मैदानात पोचला तेव्हा साडेआठ वाजून गेलेले. फुगवलेली कमान निम्मी खाली बसली होती, हवा काढायचं काम चाललेलं. वाकून तिच्याखालनं गेला! पलीकडं फुलाबाई, आणि तिच्याबरोबर डॉक्टर मगदूमबाई— पावणेसातलाच पोचून दोन तास उभ्या! मेडलच्या टेबलावरचा पोरगा रिकामं खोकं दाखवून ओशाळला. "काका, मेडलं संपली. पोस्टानं पाठवू."

डॉक्टरबाईंनी गळ्यातलं मेडल काढलं आणि त्याच्या गळ्यात घालायला गेल्या. सर्जेरावनं त्यांचे हात धरले. "नको, मॅडम. त्ये तुमच्या दमाचं हाय. माझा दम मला घावलाय."

फुलाबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. विचारलं, "कितवा नंबर आला ओ?"

"शेवटनं तिसरा."

"म्हंजी अजून दोघं मागं हायत?"

"हायत. एक नवरा-बायको हायत, वळून बघितली मी. तीबी गाडीत बसली न्हाईत."

"मग थांबू या की त्यांच्यासाठी!"

आणि मंडळी, थांबले! पोटात अन्न नाही, तरी ते तिघं त्या बसलेल्या कमानीशी उभे राहिले. मीही जाऊन उभा राहिलो. सर्जेरावची माफी मागितली, तर म्हणाला, "महाराज, त्ये ऱ्हाऊ द्या. ती बघा, आली! टाळ्या वाजवा!"

आता तुम्ही विचाराल, ट्रंपेटचं काय झालं? सांगतो. पुढच्या तपासणीला दोन गोळ्या वर गेल्या. तिसरी हलत नाही. डॉक्टर म्हणतात, बहुधा हलणारही नाही. आता वरातीच्या सुरुवातीला एक सूर सर्जेराव लावतो, पूर्वीपेक्षा आखूड, पण न मोडणारा. मग ट्रंपेट दुसऱ्याकडं देतो आणि झांजा घेतो. आणि झांज अशी वाजवतो, की नवरदेव घोड्यावरून मागं वळून बघतो!

म्हणून म्हणतो, सगळा दम परत येत नाही. आपण उगाच एकमेकांना तसं सांगतो. जेवढा येतो तेवढ्याची लाज वाटून घ्यायची नाही, आणि त्याच्या चालीनं चालायचं— याला मी दम म्हणतो. दस्तगीर मास्तर सुपारी संपल्यावर रस्त्यात उभे राहिले— तोही दम! आणि स्वतः पोचल्यावर मागच्या दोघांसाठी थांबायला कुठल्या छातीतला दम लागतो, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता तुमच्याकडं वळतो. इथं बसलेल्यांत कुणाचा गुडघा गेलाय, कुणाचा आवाज गेलाय, कुणाची नोकरी. "आता माझ्यानं काय होतंय" म्हणून काय काय गुंडाळून ठेवलंत? उद्या सकाळी त्यातलं एक बाहेर काढा आणि चार पावलं करून बघा. आणि जे धडधाकट आहेत, वडा हातात घेऊन माझ्यासारखे रस्त्याकडेला उभे आहेत, त्यांना मी हात जोडतो. मागनं कुणी सावकाश येताना दिसलं तर तोंड उघडायच्या आधी त्याच्या पावलांकडं बघा. तुमच्या घरात असा कोण आहे— म्हातारा बाप असेल, वर्गात मागं राहिलेली लेक असेल, आजारातून उठलेली बायको असेल— त्याचं नाव आत्ता मनात घ्या. मोठ्यानं नको.

घेतलंत? आज आरतीला उभं राहाल तेव्हा देवाकडं स्वतःसाठी काही मागू नका. त्या नावासाठी टाळी वाजवा. उठा!